पगार राजाचा, बिशपही राजाचा

1683 च्या अखेरीस संभाजी महाराजांचं सैन्य जुवे बेटावर उतरलं, सासष्टी आणि बार्देशात पसरलं आणि गोवा शहर आता हातचं जाणार अशी वेळ आली. तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला. त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली, आपला अधिकारदंड आणि नेमणुकीचे कागद संताच्या देहाजवळ ठेवले आणि राज्य त्याच्या स्वाधीन केलं. पुढे शाहआलमची मोगल फौज रामघाट उतरून कोकणात आली आणि मराठ्यांना माघारी वळावं लागलं. गोव्यात श्रेय संताला मिळालं. त्यानंतर नव्या व्हाइसरॉयने त्या समाधीपाशी जाऊन अधिकारदंड स्वीकारायचा, असा रिवाजच पडला.

आपल्याकडे ही हकीकत व्हाइसरॉयची कशी गाळण उडाली म्हणून सांगितली जाते. ती उडालीच होती. पण ज्या संताच्या हाती त्याने राज्य दिलं, तो संत गोव्यात आणला कोणी होता? तिसऱ्या जुआंव राजाच्या मागणीवरून, राजाच्या जहाजातून, राजाच्या खर्चाने झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्याला पोचला. पोपचा प्रतिनिधी ही त्याची पदवी होती, तरी वाटखर्च लिस्बनचा होता. धर्म आणि साम्राज्य यांच्या नात्याबद्दल बोलताना आपण लगेच तलवार आणि क्रूस यांच्याकडे वळतो. मला वाटतं, आधी हिशेबाच्या वह्या उघडाव्यात. कोण पैसे देतो, त्याबदल्यात काय मागतो आणि पैसे संपल्यावरही काय सोडत नाही, हे पाहिलं की गोवा, वसई आणि मुंबई यांचा चारशे वर्षांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

राजाने चर्चला पोसायचं आणि त्याबदल्यात त्यावर हक्क सांगायचा, या व्यवस्थेचं नाव पाद्रोआदो. तिची सुरुवात गोव्याच्या बरीच आधीची. 1455 मध्ये पोप पाचवा निकोलस आणि 1456 मध्ये तिसरा कॅलिक्स्टस यांनी आज्ञापत्रं काढली. आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे जे मुलूख सापडतील तिथला व्यापार आणि विजयाचा हक्क पोर्तुगालला मिळाला, आणि तिथल्या धर्मकारभाराची सत्ता ऑर्डर ऑफ क्राइस्ट या सरदारी धर्मसंघाला. टेम्पलर या मोडीत काढलेल्या जुन्या सरदारी संघाची पोर्तुगालमधली मालमत्ता 1319 मध्ये याच संघाकडे आली होती. 1551 मध्ये या संघाचं प्रमुखपद कायमचं राजमुकुटाला जोडलं गेलं, आणि सगळी मेख इथेच आहे. श्रद्धावंतांनी द्यायचा दशमांश खरं तर चर्चचा. पण समुद्रापलीकडे तो गोळा करणार संघ, आणि संघाचा प्रमुख राजा. म्हणजे चर्चचा पैसा आधी राजाच्या तिजोरीत जायचा आणि तिथून पगार होऊन धर्मगुरूंच्या हातात पडायचा. पगाराबरोबर मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, द्राक्षासव, ऑलिव्हचं तेल, मेण आणि ओस्तीचा, म्हणजे प्रसादाच्या भाकरीचा, गहू यांचीही नेमणूक ठरलेली असे.

पोपने एवढं का देऊन टाकलं? त्याच्याकडे ना जहाजं होती, ना हिंदी महासागरात माणसं पोसण्याइतका पैसा. चर्च बांधणं, ती सजवणं, माणसं पाठवणं आणि पोसणं हे सगळं राजाने पत्करलं. मोबदल्यात बिशप कोण व्हावा हे राजा ठरवणार. लिस्बनमध्ये 1532 पासून यासाठी खास मंडळ होतं. तिथे नाव ठरायचं, राजाची सही व्हायची, रोममधला वकील ते पोपपुढे ठेवायचा, पोप मान्यतेची पत्रं काढायचा आणि ती पुन्हा लिस्बनमार्गेच यायची. जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीत येत. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत निघत. गोव्याहून एक साधा प्रश्न विचारला तर उत्तर यायला दीड वर्ष सहज जायचं. मिशनरी इटालियन असो की जर्मन, त्याला लिस्बनला यावं लागे, राजाची परवानगी घ्यावी लागे आणि पोर्तुगीज जहाजातूनच निघावं लागे. 1534 मध्ये गोव्याचा धर्मप्रांत झाला तेव्हा त्याची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत होती. 1557 मध्ये तो आर्चबिशपचा प्रांत झाला. कोची आणि मलाक्का त्याच्या हाताखाली आले.

हा खर्च लिस्बनहून येत होता असं मात्र नाही, आणि गोव्यातल्या गावांची कहाणी इथूनच सुरू होते. गोवा शहराभोवतीच्या तिसवाडीतली जमीन गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ कुळांची सामाईक. 1526 मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या गावकरीचे रिवाज लिहून काढले आणि राजाने ते पाळायचं कबूल केलं. गावाच्या जमिनीतला एक भाग देवळासाठी राखलेला असे. भट, देवळी, कळावंत, वाजंत्री, सुतार, लोहार, सगळ्यांचा निर्वाह त्यावर चालायचा. 1540 मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देव गेला, देऊळ गेलं, पण शेत जागच्या जागी होतं आणि दरवर्षी पिकत होतं. मग त्या पिकाचा धनी कोण? 1541 च्या जूनमध्ये महसूल अधिकाऱ्याने बेटांवरच्या गावकऱ्यांना बोलावून घेतलं आणि देवळांच्या जमिनींच्या उत्पन्नातून वर्षाला 2000 तांगा (तेव्हाचं नाणं) देण्याची कबुली घेतली. त्यातून नव्या चॅपेलांचा आणि नवख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघू लागला. सेंट पॉल कॉलेज त्यावरच उभं राहिलं.

कागदावर ही ‘कबुली’ होती. तोफा ज्याच्या हाती आहेत त्याच्यासमोर बसून दिलेल्या कबुलीला काय अर्थ असतो, हे वेगळं सांगायला नको. पण हा व्यवहार मला मोडतोडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पाडलेलं देऊळ पुन्हा बांधता येतं. देवळाचा उत्पन्नाचा झरा वळवला की भट, देवळी, वाजंत्री यांना गाव सोडावंच लागतं. पाठोपाठ गावातलं मानपानाचं, हक्काचं सगळं गणित बदलतं आणि जो बाप्तिस्मा घेईल त्याचा वाटा शाबूत राहतो. पुढे 1559 च्या हुकमाने वडील वारलेली हिंदू मुलं अनाथ धरून ताब्यात घेतली जाऊ लागली, मग आई किंवा आजी-आजोबा हयात का असेनात. वारसा आणि मूल, दोन्हींची कळ अशी सरकारच्या हातात आली.

सासष्टी आणि बार्देश 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे आले. सासष्टी जेझुइट आणि बार्देश फ्रान्सिस्कन या धर्मसंघांना वाटून दिलं गेलं. सासष्टीतली देवळं 1560 च्या दशकात पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि खाडी ओलांडून आदिलशाही मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा महाल 1763 पर्यंत पोर्तुगीजांकडे आलाच नाही, म्हणून ही देवस्थानं टिकली. आज मुंबई-पुण्याहून कुलदैवताला जाणारी कुटुंबं सोळाव्या शतकातल्या एका साम्राज्याच्या सरहद्दीपलीकडे जात असतात. कुंकळ्ळीला लोकांनी प्रतिकारही केला. 1583 च्या जुलैमध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुडॉल्फ आक्वाव्हिवा होता. नंतर बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली.

इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. त्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. 1560 मध्ये ते गोव्यात आलं, लिस्बनच्या मुख्य इन्क्विझिटरच्या हाताखाली, सरकारी आधाराने. 1774 मध्ये ते बंद केलं पाँबालने, म्हणजे राजाच्या मंत्र्याने. नव्या राणीच्या काळात 1778 मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि 1812 मध्ये कायमचं गेलं. सुरू करणं, बंद करणं, पुन्हा सुरू करणं, यातला प्रत्येक निर्णय राजसत्तेने आपल्या सोयीने घेतला. याच पाँबालने 1759 मध्ये जेझुइटांना हद्दपार करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली होती. 1830 च्या दशकात उरलेले सगळे मठही मोडीत निघाले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन मठाचा जो उंच भग्न बुरूज पर्यटकांच्या फोटोत हटकून येतो, तो ना मराठ्यांनी पाडला ना काळाने एकट्याने. मठवासीयांना राजाच्या सरकारने घालवलं, इमारत बेवारस झाली आणि 1842 मध्ये तिचं छत कोसळलं. आश्रय देणारा हात काढूनही घेऊ शकतो, हे चर्चला तेव्हा फार महागात कळलं.

रोमला हे दुखणं दोनशे वर्षं आधीच जाणवलं होतं. 6 जानेवारी 1622 रोजी पोपने प्रोपागांडा फिदे हे स्वतंत्र खातं काढलं. मिशनचं काम थेट रोममधून चालवायचं, राजाला मध्ये घ्यायचं नाही, हा त्याचा उद्देश. पण बिशप नेमायचा हक्क तर लिहून दिलेला. मग रोमने पळवाट काढली. कुठल्या तरी नामशेष झालेल्या प्राचीन शहराचा बिशप म्हणून माणसाला दीक्षा द्यायची आणि ‘पोपचा प्रतिनिधी’ म्हणून हिंदुस्थानात पाठवायचं. त्या शहरात ख्रिस्ती माणूसच उरला नसल्याने कोणा राजाचा हक्क आड येत नाही. अशा प्रतिनिधीला व्हिकार अपोस्टोलिक म्हणतात.

या वाटेने आलेला पहिला माणूस आपल्याच मातीतला होता. मातेउश द कास्त्रो, दिवाड बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला. गोव्यात त्याला धर्मगुरूची दीक्षा नाकारली गेली. स्थानिक माणूस बाप्तिस्मा घेऊ शकत होता, चर्चला जमीन देऊ शकत होता, पण वेदीमागे उभं राहायला त्याचं रक्त आड येत होतं. मातेउश थेट रोमला पोचला, शिकला, धर्मगुरू झाला. परत आल्यावर गोव्याने त्याचे कागद मानले नाहीत. तो पुन्हा रोमला गेला आणि 1637 मध्ये क्रिसोपोलिसचा बिशप झाला, अधिकारक्षेत्र आदिलशाहीचं. मग तो परत आला. मुक्काम ठेवला डिचोलीला, पोर्तुगीज हद्दीबाहेर. मंगेश आणि शांतादुर्गा ज्या राज्याच्या आसऱ्याला गेल्या, त्याच राज्यात गोव्याचा पहिला भूमिपुत्र बिशप आसऱ्याला राहिला. तिथे त्याने स्थानिक तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्या अमान्य केल्या.

मातेउशला निव्वळ हुतात्मा करणं मला पटत नाही. त्याचा संताप खरा होता, पण तो मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्त्यांच्या वतीने होता. जातीचा ताठा त्याच्या लिखाणात जागोजाग आहे. डच आणि आदिलशाही यांच्याशीही त्याने संधान बांधलं. 1654 मध्ये विजापूरची फौज गोव्यावर चालून आली तेव्हा पोर्तुगीजांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. अखेर तो रोममध्येच वारला. तरी त्याचा मूळ सवाल बिनतोड होता. इथल्या चर्चचा मेंढपाळ इथला का नसावा?

त्याच सुमारास पाद्रोआदोचं यंत्र कसं अडकतं ते सगळ्या आशियाने पाहिलं. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजापासून फुटलं आणि ब्रागांझा घराणं गादीवर आलं. स्पेनच्या दबावामुळे रोम त्या राजाला मानेना. राजा मान्य नाही, तर त्याने सुचवलेला बिशपही मान्य नाही. आणि राजाला वगळून बिशप नेमायचा तर पोर्तुगाल ऐकेना. गोव्याचा आर्चबिशप 1652 मध्ये वारला. पुढचा आर्चबिशप गोव्यात आला तो 1675 मध्ये. बिशपशिवाय नव्या धर्मगुरूंना दीक्षा नाही, बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा संस्कार नाही, पवित्र तेलाचा आशीर्वाद नाही. माद्रिद, लिस्बन आणि रोम यांच्या भांडणात सासष्टीतलं चर्च तेवीस वर्षं धन्याविना राहिलं.

आता वसई. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ती दिली आणि दोनशे वर्षांत किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे मठ उभे राहिले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पांढरं निशाण लावून बाहेर पडले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्री आणि मठवासीही गेले. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. घंटा मात्र विजयाची लूट म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आजही स्पष्ट दिसते, आणि भाविक हात उंचावून तिच्याखालचा लोलक हलवतात.

राजा गेला, पगार गेला, मठ गेले. मग धर्मही जायला हवा होता. तो गेला नाही. गोव्याहून आलेले स्थानिक धर्मगुरू, ज्यांना आधी दुय्यम कामं मिळायची, ते पेशव्यांच्या मुलखात धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती, सांभाळू लागले. 1760 च्या सुमारास अँकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी मुंबईजवळच्या साष्टीतून गेला तेव्हा ठाण्याला हजारो ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरा करत असल्याचं त्याने पाहिलं. पाद्रोआदोचा सगळा युक्तिवाद असा होता की राजाच्या आधाराविना या देशात चर्च तगणार नाही. पापडी, आगाशी, निर्मळ, नंदाखाल या गावांनी तो खोटा ठरवला. बाप्तिस्म्याची सुरुवात सत्तेच्या छायेत झाली हे खरं, पण सत्ता निघून गेल्यावर जे टिकलं ते वसईकरांचं स्वतःचं होतं. त्यांच्या श्रद्धेला आजही ‘पोर्तुगीजांची देणगी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी 1739 नंतरचा हा काळ एकदा तरी वाचावा.

मुंबईत गुंता वेगळाच झाला. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या 1661 च्या लग्नाच्या तहाने बेटं इंग्रजांना मिळाली आणि कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याचं वचन मिळालं. पण त्यांचा आर्चबिशप गोव्यात, म्हणजे परक्या राजाचा माणूस. ईस्ट इंडिया कंपनीला तो खुपत होता. 1720 मध्ये गव्हर्नर बूनच्या काळात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बाहेर काढलं आणि चर्च रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना दिली. प्रॉटेस्टंट कंपनी कॅथलिकांचा बिशप निवडू लागली! पुढे लोकांची ओढ, गोव्याचा आग्रह, लंडनचे हुकूम यांत चर्च इकडून तिकडे फिरली आणि 1794 मध्ये वाटणी झाली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव पाद्रोआदोला, एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपागांडाला. एका शहरात एकाच पोपचे दोन कारभार.

1838 मध्ये पोपने पाद्रोआदोचे हिंदुस्थानातले बरेच हक्क रद्द केल्याचं जाहीर केलं. गोव्याच्या धर्मगुरूंनी म्हटलं, राजाच्या संमतीविना हे चालणार नाही. 1853 मध्ये माहीमच्या धर्मग्रामाने पाद्रोआदोकडे परत जायचं ठरवलं, तेव्हा प्रोपागांडाचा बिशप हार्टमान दारं आतून बंद करून सेंट मायकल चर्चमध्ये ठाण मांडून बसला. सुमारे पंधरा दिवस हा वेढा चालला. शेवटी इंग्रज अधिकाऱ्यांनी दार उघडवून चर्च पाद्रोआदोच्या हवाली केलं. ज्या पोर्तुगालकडे माहीमच्या किनाऱ्यावर एक शिपाईही उरला नव्हता, त्याचा हक्क दुसऱ्या साम्राज्याच्या पोलिसांनी बजावून दिला.

पोप आणि पोर्तुगाल यांच्या 1886 च्या कराराने गोष्ट आणखी विचित्र झाली. कोण कोणत्या बिशपचा हे आता नुसत्या वस्तीवर ठरेना, माणूस कुठून आला यावरही ठरू लागलं. गोव्याहून मुंबईला आलेला खलाशी वा स्वयंपाकी पाद्रोआदोचा, शेजारच्या खोलीतला कॅथलिक प्रोपागांडाचा. फादरशी बिनसलं की लोक कारभार बदलत, आणि लग्नाच्या वेळी कागद कोणी द्यायचा यावरून घोळ होई. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी मुंबई, साष्टी, वसईच्या मूळ कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवेकर ‘पोर्तुगीज’ म्हणून मोजले जात आणि सरकारी नोकऱ्यांत वेगळं दिसणं गरजेचं होतं. पूर्वी एका मुकुटाच्या नावाने ओळख, आता दुसऱ्या साम्राज्याच्या बंद पडलेल्या कंपनीच्या नावाने.

1910 मध्ये पोर्तुगालात राजाच गेला. प्रजासत्ताक आलं, आणि 1911 मध्ये त्याने चर्चशी कायद्याने फारकत घेतली. पण पूर्वेतला बिशप नेमायचा हक्क? तो त्यांनी सोडला नाही. श्रद्धेशी देणंघेणं नसलेल्या सरकारलाही त्या हक्काची किंमत कळत होती. 1928 मध्ये मुंबईतला दुहेरी कारभार संपला, पण आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, या अटीवर. हिंदी माणसाची पाळी त्यात नव्हतीच. 1937 मध्ये आलेले इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स यांना हे असह्य झालं. त्यांनी राजीनामा दिला असता तर नियमाने पोर्तुगीज आर्चबिशप आला असता. म्हणून 1946 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून, त्यांच्या हाती कारभार सोपवून ते मुंबईबाहेर निघून गेले. पद त्यांच्याकडेच राहिलं. 1950 मध्ये स्वतंत्र भारतात पाद्रोआदो सोडून देण्याचा करार झाला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले.

गोवा राहिलाच. 1961 च्या डिसेंबरात तो मुक्त झाला. आर्चबिशप आल्व्हेर्नाझ 1962 मध्ये निघून गेले, पण त्यांचा राजीनामा रोमने 1975 पर्यंत मंजूर केला नाही, कारण गोवा भारताचा असल्याचं पोर्तुगालने 1974 च्या अखेरच्या करारानेच मान्य केलं. मधली सगळी वर्षं कारभार प्रशासकांनी पाहिला. 1978 मध्ये राउल गोन्साल्विस आर्चबिशप झाले, त्या गादीवरचे पहिले गोमंतकीय. दिवाडच्या मातेउशला बिशप होऊनही डिचोलीत राहावं लागलं, त्याला तेव्हा तीनशेहून अधिक वर्षं उलटली होती.